सोनं निघेल तेव्हा निघेल, आधी रोकड मोजा

बेळगाव-निपाणीकडं शेअरच्या गप्पांत रायचूरची हट्टी किंवा हावेरीचं गणजूर (तिथंही सोनं सापडलंय) निघालं की सोन्याच्या शेअरची टीप आलीच. पण हट्टीची सरकारी खाण सोनं काढून विकते. नुसता शोध घेणाऱ्या कंपनीकडं विकायलाच काही नसतं, तेव्हा तिचा पी-ई (शेअरचा भाव नफ्याच्या किती पट) बघून उपयोग नाही.

ताळेबंदातली रोकड आणि बँक शिल्लक आधी बघा, आणि डोक्यावर कर्ज किती तेही. मग कॅश फ्लो, म्हणजे पैसा कुठून आला-कुठं गेला याचा तक्ता, काढा. कामकाजावर गेलेला पैसा आणि गुंतवणुकीच्या भागात शोधकामावर दाखवलेला पैसा, दोन्हीची बेरीज करा. इथंच बरेचजण फसतात: ड्रिलिंगचा खर्च ‘मालमत्ता’ म्हणून लिहिता येतो, मग नफा-तोट्यात तो दिसत नाही आणि तोटा किरकोळ वाटतो. समजा शिल्लक 6 कोटी, सहा महिन्यांचा असा एकूण खर्च 4 कोटी. म्हणजे शिधा फक्त नऊ महिन्यांचा. त्यानंतर बहुतेकदा नवे शेअर काढले जातात आणि आपला वाटा पातळ होतो.

म्हणून तीन वर्षांत एकूण शेअर किती वाढले, वॉरंट (पुढं ठरल्या भावात नवे शेअर घेण्याचा हक्क) किती बाकी आहेत, हे तिमाही शेअरहोल्डिंग पॅटर्नमध्ये (कुणाकडं किती शेअर याचा तक्ता) तपासा. बीएसईच्या साइटवर फुकट मिळतं. ऑडिटरच्या अहवालात ‘गोइंग कन्सर्न’ हे शब्द शोधा, म्हणजे कंपनी पुढं चालू राहील का याबद्दल शंका घेतलीय का ते कळेल. आणि ऑफिस-पगाराचा खर्च ड्रिलिंगपेक्षा जास्त दिसला, तर मी तरी पुढचं पान उलटत नाही.