नळाला अचानक जड पाणी यायला लागलं तर काय करायचं

पाण्याचा सोर्स बदलला की कोणी दारावर येऊन सांगत नाही, घरातल्या वस्तूच सांगतात. साबणाला फेस येईना, नळावर पांढरे डाग, केस राठ, टॉवेल वाळल्यावर पापडासारखे कडक. तलावाचं किंवा नदीचं पाणी बंद होऊन त्याजागी जमिनीखालचं पाणी आलं की हे बऱ्याचदा होतं, कारण खडकातून मुरताना त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम विरघळतं, आणि हे जास्त असलेल्या पाण्यालाच जड पाणी म्हणतात.

अशावेळी बहुतेकजण थेट मशीन विकत घ्यायला धावतात. कळकळीने सांगते, आधी मोजा. आणि मोजायचं म्हणजे टीडीएस मीटर बुडवून नाही, तो मीटर पाण्यात विरघळलेल्या सगळ्या क्षारांचा मिळून अंदाज देतो, त्यातला जडपणा किती ते त्याला कळत नाही, नुसत्या मिठाच्या पाण्यातही तो मोठा आकडा दाखवेल. हार्डनेसचं वेगळं टेस्ट किट मिळतं, थेंब टाकत जायचं आणि पाण्याचा लालसर रंग निळा झाला की थेंब मोजायचे, त्यावरून आकडा निघतो. आकडा कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशोबात मिलिग्रॅम प्रति लिटर असा असतो: 60 पर्यंत मऊ, 120 पर्यंत मध्यम, 180 पर्यंत जड, त्याच्यावर खूप जड. किट नसेल तर बाटलीत पाणी घेऊन खऱ्या साबणाचा थोडा कीस टाकून हलवा, दुसऱ्या बाटलीत डिस्टिल्ड वॉटर घेऊन तसंच करा, फरक डोळ्यांनी दिसेल (लिक्विड डिटर्जंट नको, त्याला जड पाण्यातही फेस येतो).

एकदाच मोजून थांबू नका. बऱ्याच ठिकाणी दोन सोर्सचं पाणी मिसळून देतात आणि मिसळण्याचं प्रमाण बदलत राहतं, त्यामुळे काही आठवडे अधूनमधून बघा, आणि पाणीपुरवठा करणाऱ्यांना लेखी विचारा की हा बदल कायमचा आहे की तात्पुरता, आणि नव्या सोर्सचा रिपोर्ट मागा. तो मागायचाच, कारण सोर्स बदलला की फक्त जडपणा बदलत नाही. अमेरिकेतल्या फ्लिंट शहरात 2014 मध्ये सोर्स बदलला, नवं पाणी पाइपांना खाणारं होतं, गंज रोखणारं औषध त्यात टाकलं नाही आणि जुन्या पाइपांतलं शिसं लोकांच्या पिण्यात गेलं. पाणी गढूळ, लालसर किंवा वेगळ्या वासाचं येत असेल तर तो जडपणा नव्हे, लगेच तक्रार करा. नुसता जडपणा मात्र तब्येतीला घातक मानत नाहीत, जागतिक आरोग्य संघटनेनेही त्यासाठी आरोग्याच्या कारणाने मर्यादा घातलेली नाही.

खरं नुकसान गरम पाण्यात होतं. हार्डनेस 300 असेल तर 100 लिटर पाण्यात 30 ग्रॅम क्षार असतात, ते सगळे बसत नाहीत, पण पाणी जितकं जास्त तापवाल तितका थर पटापट बसतो, मग कॉइलवर खपली धरते, पाणी तापायला वेळ लागतो आणि शेवटी कॉइल जळते. म्हणून गिझर 60 डिग्रीच्या वर ठेवू नका आणि नेहमीपेक्षा लवकर लवकर आतून साफ करून घ्या, त्याचवेळी आतला अ‍ॅनोड रॉडही (टाकीऐवजी स्वतः झिजून तिला गंजापासून वाचवणारी धातूची कांडी) बघायला सांगा.

केटलसाठी लिटरभर पाण्यात एक-दोन चमचे सायट्रिक अ‍ॅसिड टाकून गरम करा, अर्धा तास ठेवा, ओता, दोनदा स्वच्छ पाणी उकळून फेका. नळाच्या तोंडाची जाळी आणि शॉवरचं तोंड काढून त्याच पाण्यात भिजवायचं. संगमरवरावर मात्र हे सांडू देऊ नका, दगड खाल्ला जातो, आणि ब्लीचबरोबर कधीही म्हणजे कधीही मिसळू नका, विषारी क्लोरीन वायू निघतो.

पाणी उकळलं की जडपणा जातो म्हणतात ते अर्धंच बरोबर आहे, बायकार्बोनेटवाला जडपणा तळाशी बसतो, सल्फेट आणि क्लोराइडवाला तसाच राहतो. तुरटीने गाळ बसतो, जडपणा नाही जात. कार्बन फिल्टर आणि यूव्हीचंही तेच. पाइपला बाहेरून लावायचे मॅग्नेट तर पाण्यातून काहीच काढत नाहीत, त्यात पैसे घालू नका.

आकडा सतत 200 च्या वर राहत असेल आणि बदल कायमचा असेल तरच सॉफ्टनरचा, म्हणजे जडपणा काढणाऱ्या मशीनचा विचार करा. त्यातलं रेझिन (बारीक मण्यांसारखे दाणे) कॅल्शियम-मॅग्नेशियम धरून बदल्यात सोडियम सोडतं, आणि मिठाच्या पाण्याने ते पुन्हा ताजं करावं लागतं, म्हणजे मीठ भरायचं काम कायमचं मागे लागतं. दर 100 मिलिग्रॅम जडपणामागे साधारण 46 मिलिग्रॅम सोडियम पाण्यात येतं, म्हणून घरात बीपीमुळे मीठ कमी केलेलं कोणी असेल किंवा तान्हं बाळ असेल तर पिण्याचा नळ सॉफ्टनरच्या आधीच्या लाइनवर ठेवा. प्लंबरला हे काम सुरू करायच्या आधी सांगायचं, एकदा पाइप जोडून भिंत बंद झाली की परत फोडावी लागते.