पाचट पेटवू नका, सरीत घाला

ऊसतोड संपली की आमच्या वारणाकाठी लोक पहिल्यांदा काडेपेटी शोधतात. रान पटकन मोकळं होतं, खरं; पण पाचटातलं, म्हणजे उसाच्या वाळल्या पाल्यातलं, नत्र धुरावाटे जातं आणि पुढं युरियाचं पोतं विकत आणावं लागतं. हा कुठला हिशेब?

खोडवा, म्हणजे तोडलेल्या उसाच्या बुडख्यांतून फुटणारं पुढचं पीक, ठेवणार असाल तर बुडख्यांवरचं पाचट ओढून सरीत दाबा. बुडखे धारदार कोयत्यानं जमिनीलगत छाटा. इथं कंटाळा नको, कारण वर राहिलेल्या डोळ्यांचे फुटवे मरतुकडे निघतात. मग पाचटावर एकरी ३२ किलो युरिया, ४० किलो सुपर फॉस्फेट आणि ४ किलो पाचट कुजवणारं जिवाणू खत शेणखतात कालवून विस्कटा. युरिया कशाला? कुजवणाऱ्या जिवाणूंना नत्र लागतं. ते दिलं नाही तर जमिनीतलं उचलतात आणि ऊस पिवळा पडतो. लगेच पाणी द्या.

आता नांगर, भरणी (उसाच्या बुडाला माती लावणं) विसरा. पुढची खतं पहारीनं, बुडख्यापासून वीतभर अंतरावर भोक पाडून द्यायची आणि भोक मातीनं बुजवायचं. मजूर कुरकुरतात, चहा जास्त लागतो! एप्रिलच्या उन्हात पाचट बाजूला सारून बघा, खालची माती ओलसर लागते. पाण्याची पाळी लांबवता येते, मोटारीचं बिलही कमी.

सुरुवातीला पाणी सरीत अडतं, तेवढं काठीनं सोडवत राहा.