बाहेरच्या प्लास्टरला खिडकी-दाराच्या कडा काढताना या चुका टाळा

कोकणात चिऱ्याच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या, घरांची कामं करतो मी, वीसेक वर्षं होत आली. दरवर्षी एप्रिल-मे मध्ये एकच घाई, पावसाच्या आत बाहेरचं प्लास्टर उरकायचं, आणि त्या घाईत मरतात त्या खिडक्यांच्या साइड, म्हणजे चौकटीलगतची भिंतीची जाडी. भिंत मस्त सँडफेस (खरखरीत वाळूचं प्लास्टर) केलेली असते पण खिडकीजवळ जाऊन बघा, कोर, म्हणजे कड, नागमोडी, वर चौकट दोन बोटं दिसतेय नि खाली अर्धं बोट.

सगळ्यात जास्त चीड येते ती उरलेला माल साइडला लावण्याची. संध्याकाळी भिंत पूर्ण होते, घमेल्यात सिमेंट-वाळूचा माल उरलेला असतो, टाकवत नाही, मग बिगारी त्यात पाणी मारतो, परत ढवळतो आणि गवंडी तोच खिडकीला थापतो. अहो, सिमेंटला पाणी लागल्यावर अर्ध्या-पाऊण तासात ते धरायला लागतं, धरलेला माल मोडून परत पाणी घातलं तर मऊ होतो पण ताकद येत नाही. त्यात चिऱ्याची साइड कधी सरळ नसते, कुठे अर्धा इंच तर कुठे दीड इंच भरावं लागतं. एका दमात दीड इंच मारला की माल खाली सरकतो, सरकू नये म्हणून वर कोरडं सिमेंट फेकतात, रंधा फिरवतात, त्या दिवशी गुळगुळीत दिसतं. महिन्याभरात कोळ्याच्या जाळ्यासारख्या भेगा, बोटाने ठोकलं तर पोकळ आवाज.

मी साइड भिंतीबरोबरच भरून घेतो, पहिल्या हातातच, 1:4 चा (एक भाग सिमेंट, चार भाग वाळू) ताजा माल. जास्त जाडी असेल तिथे दोन वेळा, पहिला थर ओला असतानाच ओरखडे मारून ठेवायचे आणि दुसऱ्या दिवशी पुढचा. आणि आधी चिरा भरपूर भिजवायचा, चिरा पाणी किती पितो हे ज्याने काम केलंय त्यालाच माहीत. कोरडा ठेवला तर मालातलं पाणी तोच ओढून घेतो.

दुसरी चूक पाण्याची. समुद्राकडे तोंड असलेलं एक घर होतं, मालक मुंबईला, गणपतीला यायचे. काम दुसऱ्याने केलेलं. पहिल्याच जुलैत पश्चिमेच्या सगळ्या खिडक्यांतून पाणी आत. स्लायडिंग खिडक्या बसवणाऱ्याला बोलावून दोनदा सिलिकॉन मारलं, तरी तेच. मला बोलावलं तेव्हा मी भर पावसात छत्री घेऊन बाहेर अर्धा तास उभा राहिलो, बॅटरी मारून बघत होतो. थेंब खिडकीवरच्या सज्जाच्या कडेला आला, खाली न पडता सज्जाच्या पोटाला चिकटून आत सरकला, खिडकीच्या डोक्यावर आला, तिथून साइडने उतरून सिलवर, म्हणजे खिडकीच्या खालच्या पाटावर. आणि सिल सपाट, एका जागी तर ढाळ आतल्या बाजूला! सिलिकॉन काय करणार त्यात? पाऊस संपल्यावर सात खिडक्यांच्या सिल फोडल्या, सज्जाला खाली ग्राइंडरने खाच मारली, म्हणजे थेंब आत न सरकता तिथेच तुटून खाली पडतो. पुढच्या पावसात एक थेंब नाही आला. पण मालकांचा रंग दोनदा झाला.

ही खाच ओल्या प्लास्टरमध्ये करायला खिडकीमागे दहा मिनिटं लागतात. दहा एमएमची चौकोनी पट्टी तेल लावून, बाहेरच्या कडेपासून दीड इंच आत, मालात दाबायची, थोडं धरलं की अलगद काढायची. भिंतीपर्यंत नेऊ नका, दोन इंच आधी थांबवा, नाहीतर खाचेतलं पाणी थेट भिंतीवर. वरच्या कडेच्या पोटालाही तेच. सिलचा ढाळ बाहेर निदान अर्धा इंच, आणि सिलचं प्लास्टर चौकटीच्या खाली संपलं पाहिजे, चौकटीवर चढवायचं नाही. मी काम झालं की तांब्याभर पाणी ओतून बघतो, मालकासमोरच.

कोर नुसत्या डोळ्याने काढू नका. ॲल्युमिनियमची सरळ पट्टी भिंतीला हुकांनी धरायची, ओळंबा लावायचा, चौकटीला गुण्या लावून साइड भरायची. पट्टी काढताना ओढायची नाही, कोरेच्या दिशेने सरकवायची, ओढली की कोर तुटते आणि मग ठिगळं लावत बसा. दोन मजले असतील तर वरच्या खिडकीपासून खालपर्यंत एकच ओळंबा सोडा. एकेक खिडकी सरळ असते पण दोघी एका रेषेत नसतात, रस्त्यावरून लगेच दिसतं. स्लायडिंगचं माप द्यायच्या आधी दोन्ही कर्ण मोजा.

लिंटेल (खिडकीवरची काँक्रीटची तुळई) आणि चिरा जुळतो तिथे जाळी मारा, दोन्हीकडे सहा-सहा इंच. खिडकीच्या कोपऱ्यांवर जाळीचा तुकडा तिरका लावा, भेग तिथूनच तिरकी निघते. काँक्रीटला टाचे मारल्याशिवाय, म्हणजे टोचून खडबडीत केल्याशिवाय, प्लास्टर नको.

लाकडी चौकटीला प्लास्टर घट्ट भिडवू नका, लाकूड फुगतं-आकसतं, थापीच्या टोकाने बारीक खाच सोडा, नंतर सीलंट भरा.

माझी सवय अशी की वरची बाजू आधी, मग साइड, सिल शेवटी, कारण वरचा माल सिलवरच पडणार. नवीन पोरं सिल आधी करतात कारण ती हाताला सोपी. मग वरून पडलेलं खरवडताना ढाळ जातो.

आणि पाणी सात दिवस मारा, कडांना जास्त. त्यांना दोन्ही बाजूंनी वारा लागतो, भिंतीच्या आधी सुकतात.