चित्रकाव्य जमवायचं तर आधी अक्षरं मोजा

चित्रकाव्य म्हणजे कमळासारख्या एखाद्या आकृतीत अक्षरं बसवून रचलेला श्लोक किंवा कविता. अशा रचनेला चित्रबंध किंवा नुसतं बंध म्हणतात. जुन्या घरांतून ते गोळा करायचं तर माळा उपसायचा तो होळीनंतर आणि मृगाच्या आत. गणपतीच्या आधी साफसफाई निघते तेव्हा जाऊ नका. कोकणातल्या पावसानं पानं एकमेकांना चिकटलेली असतात, आणि काजळाची शाई उन्हानं विटत नसली तरी ओल लागली की पसरते. त्या दिवसांत घरच्यांना फक्त एवढं सांगून ठेवा: काही जाळू नका, रद्दीत घालू नका, मी मे महिन्यात येते.

कुठे शोधायचं? कीर्तनकार-पुराणिकांच्या घरच्या बाडांत, म्हणजे हस्तलिखित वह्यांत, ओटीवर फ्रेम करून लावलेल्या मानपत्रांत, शाळा-कॉलेजांच्या हस्तलिखित अंकांत आणि लग्नात वाटलेल्या मंगलाष्टकांच्या कागदांत. मंगलाष्टक नुसतं वाचून खाली ठेवू नका. चारही चरणांची पहिली अक्षरं वरून खाली वाचून बघा, कधी कधी वधूवरांची नावं तिथे गुंफलेली असतात.

मूळ कागद मागू नये. खिडकीशी बसून, फ्लॅश बंद ठेवून, शेजारी पट्टी ठेवून अख्ख्या पानाचा फोटो घ्यावा. समास कापू नये.

इथपर्यंत कोणालाही जमतं. खरी अडचण पुढे, नक्कल उतरवताना येते, आणि तिथेच सगळ्यात वाईट सल्ला मिळतो: ‘श्लोक टाइप करून ठेव, चित्राचा फोटो आहेच की.’ असं करू नका. चित्रबंधात श्लोक आणि आकृती वेगळ्या नसतात. कोणतं अक्षर कुठल्या घरात आहे आणि नजर कुठून कुठे जायची, हे उतरवलं नाही तर हाती उरतो एक कठीण श्लोक आणि एक नक्षी.

मी स्वतः यात तीन वर्षं घालवली. राजापूरकडच्या एका घरातल्या बाडात मला आठ पाकळ्यांचं कमळ मिळालं. प्रत्येक पाकळीत दोन अक्षरं, मधे गाभ्यात एक, म्हणजे एकूण सतरा. मी पाकळ्या एकापाठोपाठ एक, घड्याळाच्या काट्यासारख्या वाचत गेले आणि काही अर्थ लागेना. पानाची कड कसरीनं खाल्लेली होती, म्हणून उरलेला श्लोक गेला असं धरून वहीत ‘अपूर्ण’ लिहिलं. पुढे आमच्या चुलत सासऱ्यांनी ते पाहिलं. त्यांचा जन्म कीर्तनात गेलेला. गाभ्यावर बोट ठेवून म्हणाले, “अगो, कमळ असं गोल वाचतात होय? गाभ्यातून बाहेर जायचं नि परत गाभ्यात यायचं.” आणि बोट फिरवत अख्खा श्लोक म्हणून दाखवला. एक अक्षरही गेलेलं नव्हतं.

ही रीत मम्मटाच्या काव्यप्रकाश या संस्कृत काव्यशास्त्राच्या ग्रंथातल्या, नवव्या उल्लासातल्या (प्रकरणातल्या) पद्मबंधावर, म्हणजे कमळाच्या बंधावर, पक्की करा:

भासते प्रतिभासार रसाभाताहताविभा ।
भावितात्मा शुभा वादे देवाभा बत ते सभा ॥

गाभ्यात ‘भा’. तिथून ‘स, ते’ या पाकळीनं बाहेर, पुढच्या पाकळीतून ‘प्र, ति’ करत आत, पुन्हा ‘भा’. मग ‘सा, र’ बाहेर, आणि त्याच पाकळीतून ‘र, सा’ परत. असं शेवटपर्यंत. चार दिशांच्या पाकळ्या दोनदा वाचल्या जातात, एकदा जाताना, एकदा येताना. कोपऱ्यांच्या चार पाकळ्या एकदाच. गाभ्यातला ‘भा’ आठ वेळा येतो. श्लोकाची अक्षरं बत्तीस, आकृतीत घरं सतरा. हे कमळ एकदा स्वतः कागदावर काढल्याशिवाय दुसऱ्याच्या बाडाला हात लावू नये, असं माझं ठाम मत आहे.

म्हणून पहिलं काम मोजणी. आकृतीतली घरं मोजा, मग छंद ओळखून श्लोकाची अक्षरं किती हवीत ते बघा. घरं कमी पडली तर काही घरं सामाईक आहेत, ती शोधा. घरं जास्त असतील तर अक्षरं पुन्हा मांडलेली आहेत. भारवीच्या किरातार्जुनीय या संस्कृत महाकाव्यात, पंधराव्या सर्गात सर्वतोभद्र, म्हणजे सगळ्या बाजूंनी सारखा वाचता येणारा बंध आहे. त्याची पहिली ओळ ‘देवाकानिनिकावादे’, सुलट-उलट सारखीच. श्लोक बत्तीस अक्षरांचाच, पण कोष्टक चौसष्ट घरांचं, कारण चारही ओळी खाली उलट क्रमानं पुन्हा लिहितात. ‘दे, वा, का, नि’ आडवंही मिळतं आणि उभंही. गोमूत्रिका हा बंध त्या मानानं सोपा: दोन ओळी एकाखाली एक लिहायच्या आणि चालत्या बैलाच्या मुताची रेघ जाते तसं वर-खाली नागमोडी वाचायचं.

मोजताना जोडाक्षर एकच धरायचं. ‘प्र’ म्हणजे एक घर. संगणकावर घेत असाल तर तक्त्याच्या एका चौकटीत एक अक्षर, आणि बाजूला वाचनक्रमाचे आकडे. पेन्सिल आणि चौकटीची वही त्याहून बरी.

आणि कृपा करून काही ‘सुधारू’ नका. एका पाकळीत जाताना ‘व’ हवा आणि येताना ‘ब’, तर ती लेखनिकाची चूक नव्हे. चित्रकाव्यात ब-व, ड-ल, र-ल एकच मानतात, अनुस्वार-विसर्गानंही बंध मोडत नाही. मी पाहिलेल्या एका नकलेत कोणी तरी प्रत्येक ‘व’ शुद्ध करून ठेवला होता. मूळ बाड तोवर वाळवीनं संपलेलं. तो बंध आता जुळत नाही. बाड मोडी लिपीत असेल तर आणखी जपा, मोडीत इ-उ ऱ्हस्व की दीर्घ हे सहसा वेगळं दाखवत नाहीत, ते छंदावरूनच ठरवावं लागतं.

छापील आकारकवितांचं, म्हणजे ओळींच्या मांडणीतूनच आकार दिसतो अशा कवितांचं काम हलकं. दिवाळी अंकातलं पान फाडून ठेवू नका, अख्खा अंक ठेवा. मजकूर टाइप केला की ओळी सरकतात आणि आकार जातो, म्हणून स्कॅनच करा. छापायचं असेल तर परवानगी घ्या. कवीच्या निधनानंतर साठ वर्षं हक्क वारसांकडे असतो. जुन्या छापील पुस्तकांशी ताडून बघायचं तर आधी १८२८ पासूनचं रत्नागिरी जिल्हा नगर वाचनालय गाठा.

घरच्यांनी आपणहून मूळ कागद दिला तर सुती रुमालात गुंडाळा, सोबत वेखंडाची पुरचुंडी ठेवा, पेटी जमिनीपासून आणि भिंतीपासून लांब. सेलोटेप लावू नका. लॅमिनेशन तर मुळीच नाही, एकदा केलं की कागद परत मिळत नाही, आणि आत ओल राहिली तर बुरशी आतच वाढते.

वहीत प्रत्येक बंधासाठी गाव, घर, पान, मापं, घरं किती, अक्षरं किती हे लिहाच, आणि शेवटचा रकाना सोडू नका: कोणी वाचून दाखवलं. राजापूरच्या कमळापुढे मी ‘अपूर्ण’ खोडून तिथे आमच्या चुलत सासऱ्यांचं नाव लिहिलं आहे.