कांदा आणि शॅलटचे सेट वाफ्यात लावण्याआधी मुळांवर कसे आणावेत

सेट म्हणजे दाट पेरणी करून मुद्दाम लहान ठेवलेला आणि वाळवून पुढच्या हंगामासाठी राखलेला कांदा. शॅलट म्हणजे कांद्याचाच झुबक्याने वाढणारा लहान प्रकार; त्याची लागवडही बहुधा अशाच लहान कंदांपासून होते. मात्र कांद्याच्या एका सेटपासून सहसा एकच कांदा मिळतो, तर शॅलटचा कंद फुटून त्याचा झुबका तयार होतो. हे कंद थेट वाफ्यात लावता येतात, पण त्यात दोन कटकटी असतात. पक्षी कंदाची वाळलेली शेंडी ओढून तो उपटतात, आणि माती घट्ट असेल तर खाली जाऊ पाहणारी मुळेच कंदाला वर उचलतात. ट्रेमध्ये आधी मुळे धरलेला कंद असा सहज निघत नाही.

लवकर सुरुवात करण्याचा आणखी एक लाभ आहे. कांदा कधी पोसायला लागेल, हे मुख्यतः दिवसाच्या लांबीवर ठरते. ऱ्हस्वदिवसी वाणांना साधारण १० ते १२ तासांचा, तर दीर्घदिवसी वाणांना १४ ते १६ तासांचा दिवस लागतो. ती वेळ येईपर्यंत जितकी पाने आलेली असतील, तितका कांदा मोठा होण्यास वाव मिळतो.

निवड करताना मोठा कंद म्हणजे चांगला कंद, हा समज सोडावा. कांद्याचा सेट सुमारे दीड ते दोन सेंटिमीटर व्यासाचा, टणक आणि कोरडा असावा. अडीच सेंटिमीटरहून मोठे सेट काही आठवडे थंडीत राहिले, की कांदा पोसण्याऐवजी डेंगळे, म्हणजे फुलांचे दांडे, येण्याची शक्यता वाढते. मऊ पडलेले किंवा बुरशी धरलेले कंद टाकून द्यावेत. वाळलेली शेंडी कात्रीने छाटावी, पण आतल्या ओल्या भागाला धक्का लावू नये.

चार-पाच सेंटिमीटर रुंद कप्प्यांचा ट्रे पुरेसा होतो. शॅलटसाठी थोडे मोठे कप घ्यावेत. कोकोपीट आणि चांगले कुजलेले कंपोस्ट यांचे भुसभुशीत मिश्रण भरावे. कंदात स्वतःचा अन्नसाठा असल्याने या टप्प्यावर वेगळ्या खताची गरज नसते. ज्या वाफ्यात पूर्वी कांदा किंवा लसूण होता, तिथली माती मात्र वापरू नये, कारण पांढऱ्या सडीची बुरशी जमिनीत अनेक वर्षे टिकते. मिश्रणात बोटाने खळगा करून बूड खाली येईल असा कंद ठेवावा आणि टोक जेमतेम दिसेल इतपत झाकावे. कंद दाबून खुपसल्यास मुळे फुटण्याची चकती दुखावते. एकदा पाणी देऊन मिश्रण पूर्ण भिजवावे आणि पुढे वरचा थर सुकल्याशिवाय पाणी देऊ नये. या कामात कंद कोरडे पडण्यापेक्षा अतिपाण्याने सडण्याचाच धोका अधिक असतो.

खरी चूक होते ती ट्रे ठेवण्याच्या जागेत. लवकर फुटावेत म्हणून कंद उबदार, अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवले, तर पाने भराभर लांबतात आणि लवून पडतात. त्याऐवजी भरपूर उजेडाची, हवा खेळती असलेली आणि शक्यतो १० ते १५ अंश सेल्सिअस तापमानाची जागा निवडावी. हिरवी पात आधी दिसली नाही म्हणून कंद उकरून पाहण्याचा मोह टाळावा. मुळे खाली आपले काम करीत असतात.

साधारण तीन ते पाच आठवड्यांत कप्प्यातला गोळा न फुटता अखंड बाहेर येऊ लागतो, आणि हीच लावणीची खूण होय. पात किती उंच झाली, यावरून ठरवू नये. कांद्याच्या मुळांना उपमुळे फार कमी फुटतात, त्यामुळे कप्प्यात गुंता होऊन मुळे तुटण्याची वेळ येऊ देणे हिताचे नाही. लावणीआधी आठ-दहा दिवस ट्रे रोज अधिकाधिक वेळ उघड्यावर ठेवून रोपे काटक करावीत.

माती वाफशावर, म्हणजे ओलसर पण चिकट नसलेली, असताना रोपे गोळ्यासकट लावावीत. कांद्यासाठी दोन रोपांत सुमारे १० सेंटिमीटर आणि दोन ओळींत २५ ते ३० सेंटिमीटर अंतर ठेवावे. शॅलटचा झुबका पसरत असल्याने त्याच्या दोन रोपांत १५ ते २० सेंटिमीटर अंतर लागते. कंद ट्रेमध्ये होता त्याहून खोल गाडू नये, कारण पोसताना त्याचा बराचसा भाग मातीवरच राहतो. नंतर एखाद्या रोपाला डेंगळा आलाच, तर तो मोडून टाकावा आणि तो कांदा साठवणीत न ठेवता आधी वापरून संपवावा.