रिफायनरीत बिघाड होऊन वायू सुटला तर शेजारच्या वस्तीने काय करावे

८ ऑगस्ट २०१८ रोजी दुपारी मुंबईत माहुल येथील भारत पेट्रोलियमच्या रिफायनरीत हायड्रोक्रॅकर विभागात, म्हणजे जड तेलापासून हलकी इंधने बनवणाऱ्या विभागात, स्फोट होऊन ४० हून अधिक माणसे जखमी झाली. असा स्फोट साऱ्या शहराला कळतो. परंतु कॉम्प्रेसर बंद पडल्याने, वीज गेल्याने किंवा गंजून पातळ झालेली नळी फुटल्याने सुटणारा वायू पुष्कळदा तासाभरात वाऱ्यावर निघून जातो आणि मागे खोकणारी माणसे तेवढी उरतात. कारखान्याच्या भिंतीलगत राहणाऱ्यांनी त्या तासात व त्यानंतर काय करावे, ते पुढे दिले आहे.

फ्लेअरची, म्हणजे उंच चिमणीवरच्या ज्योतीची, एरवीची उंची व रंग लक्षात ठेवावा. यंत्रातील दाब वाढला की जादा वायू तेथे जाळून टाकतात, त्यामुळे लहान, स्थिर ज्योत ही नेहमीची बाब आहे. ज्योत एकाएकी उंच होऊन गडगडू लागली, तर आत काही बिघडले आहे किंवा एखादा विभाग बंद अथवा सुरू केला जात आहे, असे समजावे. काळा धूर म्हणजे अपुरे ज्वलन. मात्र ज्वलन पूर्ण झाले तरी गंधकयुक्त वायूपासून सल्फर डायऑक्साइड तयार होतो आणि दम्याच्या रुग्णाला त्याचा त्रास काही मिनिटांतच जाणवू लागतो.

सर्वांत फसवा वायू हायड्रोजन सल्फाइड. सडक्या अंड्यासारखा त्याचा वास अगदी थोड्या प्रमाणातही येतो. पण प्रमाण धोकादायक पातळीला गेले की नाकाची वास घेण्याची शक्तीच बधिर होते. म्हणून वास एकदम नाहीसा झाला तर धोका टळला असे कधीही मानू नये. हा वायू हवेपेक्षा जड असल्याने नाले, तळघरे आणि सखल गल्ल्या टाळाव्यात.

भोंगा वाजताच घरात जाऊन खिडक्या, एक्झॉस्ट पंखा व एसी बंद करावेत आणि दारांच्या फटींत ओली फडकी खोचावीत. घरातच पेट्रोलसारखा किंवा गॅससारखा उग्र वास भरला असेल, तर मात्र काडी, शेगडी वा विजेचे बटण यांना हात न लावता बाहेर पडावे, आणि वायूच्या पुढे पुढे न धावता वाऱ्याच्या दिशेला आडवे चालावे. एन-९५ मास्क काजळी अडवतो, वायू अडवत नाही. मदतीसाठी ११२, रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि मुंबईत महापालिकेच्या आपत्ती कक्षासाठी १९१६ हे क्रमांक आहेत.

माणसे सुरक्षित झाली की लगेच नोंद करावी, कारण माझ्या मते वस्तीची बाजू सर्वाधिक येथेच कमकुवत पडते. सल्फर डायऑक्साइडची मर्यादा २४ तासांच्या सरासरीने घनमीटरला ८० मायक्रोग्रॅम आहे. समजा, एरवी हवेत १५ असलेले प्रमाण ४० मिनिटे १,००० वर गेले, तरी त्या दिवसाची सरासरी भरेल सुमारे ४२, म्हणजे कागदावर सारे नियमात! म्हणून वास किंवा धूर सुरू झाल्याची व थांबल्याची नेमकी वेळ, वाऱ्याची दिशा, वासाचा प्रकार आणि कोणाला काय त्रास झाला हे लिहून ठेवावे व ज्योतीचे चित्रीकरण करावे. वेगवेगळ्या गल्ल्यांतील चार-पाच घरांनी स्वतंत्रपणे लिहिलेल्या वेळा जुळल्या, तर ती नोंद सहजी नाकारता येत नाही.

महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे त्याच दिवशी लेखी तक्रार करून पोच घ्यावी. वायू प्रदूषण कायदा, १९८१ च्या कलम २३ नुसार अपघाताने मर्यादेबाहेर उत्सर्जन झाल्यास, किंवा तशी भीती असली तरी, कारखान्याने मंडळाला ताबडतोब कळवणे बंधनकारक आहे. ती सूचना किती वाजता मिळाली, हे माहितीच्या अधिकारात विचारावे. त्या वेळेचे हवेतील प्रदूषणाचे दर पंधरा मिनिटांचे आकडेही मागावेत, दैनिक सरासरीवर समाधान मानू नये.

बिघाडाचे कारणही जरूर विचारावे. अमेरिकेत रिचमंड येथील शेवरॉनच्या रिफायनरीत ६ ऑगस्ट २०१२ रोजी फुटलेली नळी गंधकाच्या क्षरणाने, म्हणजे गंधकाने धातू झिजून, पातळ झालेली होती, आणि गळती दिसल्यावरही संयंत्र चालूच ठेवण्यात आले होते. पुढील काही आठवड्यांत सुमारे १५,००० रहिवाशांनी वैद्यकीय उपचार घेतले. तेव्हा नळ्यांची जाडी शेवटी कधी मोजली, हा प्रश्न तक्रारीत असलाच पाहिजे.

त्रास किरकोळ वाटला तरी त्याच दिवशी दवाखान्यात जावे आणि केसपेपरवर लक्षणांसोबत वायूचा संपर्क व वेळ लिहून घ्यावी. सार्वजनिक दायित्व विमा कायदा, १९९१ खाली कोणाची चूक हे सिद्ध न करता जिल्हाधिकाऱ्यांकडे मदतीचा अर्ज करता येतो, आणि त्याची मुदत अपघातापासून पाच वर्षे आहे. तोपर्यंत ही कागदपत्रे फेकू नयेत.