जुन्या ‘किशोर’मधून गोष्ट जुळवण्याचा खेळ

घरी शिकणाऱ्या मुलांना उतारा वाचून प्रश्नोत्तरं लिहायचा कंटाळा येतो. त्याऐवजी गोष्टच कापून, तुकडे मिसळून क्रमानं जुळवायला द्या. मात्र मूळ अंक कापू नका, पाठीमागचं पान वाया जातं. बालभारतीच्या ‘किशोर’ या मुलांच्या मासिकाचे १९७१पासूनचे जुने अंक संकेतस्थळावर मोफत आहेत, त्यातलं पान छापा.

१. एक-दोन पानी गोष्ट निवडा. एकाच बाजूला छापा.
२. सहा ते आठ तुकडे करा. परिच्छेद दोन रकान्यांत तुटला असेल तर आधी चिकटवून घ्या.
३. शीर्षक, चित्रं, पान क्रमांक काढून टाका आणि पट्टी लावून सरळ कापा. कडा वेड्यावाकड्या राहिल्या तर मुलं न वाचता कडाच जुळवतात, फार हुशार असतात!
४. क्रम लावून झाल्यावर ‘हा तुकडा इथंच का?’ एवढंच विचारा. ‘मग’, ‘तेवढ्यात’, ‘तो’ असे शब्द मुलं स्वतःच दाखवतात. खरी शिकवणी इथं होते.
५. शेवटचा तुकडा लपवून शेवट लिहायला सांगा.

माहितीपर लेख घेताना अंकाचं साल बघा: २००६आधीच्या अंकांत प्लूटो ग्रहच असतो.